कोणाच्याच नसलेल्या दुर्गाबाई

मुंबईच्या फोर्ट भागातील टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढून गेले, की एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. १९७६ साली या ग्रंथालयात पोलीस आले आणि तेथे नित्यनियमाने वाचनासाठी येणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या एका विदुषीला अटक करून घेऊन गेले. दुर्गाबाई भागवत यांचा अपराध एवढाच होता, की भलेभले गप्प बसले असताना त्या बोलल्या होत्या. त्या कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्या नव्हत्या, कोणत्याही संघटनेच्या पदाधिकारी नव्हत्या, कोणा मंत्र्याच्या आश्रयाला तर नव्हत्याच. त्यांच्यापाशी होते ते ग्रंथालयातील एक टेबल आणि चार दशकांचा व्यासंग.

२०२५ साली आणीबाणीच्या घोषणेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, विशेषांक निघाले, मिसाबंदींचे सत्कार झाले. जे येरवड्याला, नाशिकला, ठाण्याला राहून आले आणि ज्यांच्या घरच्यांनी मागे राहून संसाराचा गाडा ओढला, त्यांचे स्मरण करणे हे समाजाचे कर्तव्यच होते. या कार्यक्रमांतून दुर्गाबाईंचेही नाव घेतले गेले. पण ते बहुधा ठरावीक दोन वाक्यांत. कराडच्या साहित्य संमेलनात त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. संपले! जणू काही निर्भयता ही एखाद्या दिवशी व्यासपीठावर उभे राहिल्यावर अकस्मात सुचणारी गोष्ट आहे. कराडच्या त्या क्षणामागे कोणते आयुष्य उभे होते, त्या पोटासाठी काय करीत, काय सोडून देत, आणि कोणत्या वळणांनी त्या तेथवर येऊन पोहोचल्या, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला दुर्गाबाईंकडून घेण्यासारखे जे आहे, ते या दुसऱ्या भागात आहे.

कारण आज घरोघरी एक प्रश्न उभा आहे. मुलगा अभियंता झाला, चार-पाच वर्षे बऱ्यापैकी पगाराची नोकरी केली आणि एके दिवशी जेवणाच्या पानावर त्याने सांगितले, की आपण नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करणार आहोत. कोणाला चित्रे काढायची असतात, कोणाला अनुवाद करायचे असतात, कोणाला पटकथा लिहायच्या असतात, कोणी संगणकावर सचलचित्रे करतो. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांनी ही वाट थोडी मोकळी केली आणि २०२० च्या महामारीने घरात बसून काम करण्याची सवय लावून ती आणखी रुंद केली. आईवडिलांच्या मनात येणारे प्रश्न स्वाभाविक असतात. महिन्याचे काय? आजारी पडल्यास काय? लग्नाच्या बैठकीत काय सांगायचे? हे प्रश्न क्षुद्र नाहीत. परंतु एक चौथा प्रश्न असतो आणि तो मात्र कोणी विचारीत नाही. नोकरदाराला एक मालक असतो. स्वतंत्र काम करणाऱ्याला मात्र काम देणारा प्रत्येक जण मालक होऊ पाहतो. मग हा मनुष्य खरोखर स्वतंत्र राहणार आहे का? देशात काही वावगे घडू लागले, तर त्याला बोलता येणार आहे का?

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे झाला. घराण्यात विद्येची परंपरा होती. एकोणिसाव्या शतकातील निर्भीड पंडित राजारामशास्त्री भागवत हे त्यांच्या आप्तांपैकी. मुंबईत महाविद्यालयात शिकत असताना १९२९ च्या सुमारास त्यांनी शिक्षण बाजूला ठेवून स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. त्या काळातील अनेक तरुणांनी तसे केले होते. विशेष हे, की त्या चळवळीतून पुढारीपणाकडे न जाता पुन्हा अभ्यासाकडे परतल्या. बी. ए. झाल्या. एम. ए. साठी त्यांनी विषय निवडला तो प्राचीन बौद्ध धर्मातील न्यायविचाराचा. पाली भाषा, विनयपिटक, भिक्षुसंघाने आपल्याच सदस्यांच्या दोषांचा निवाडा कसा करावा याचे नियम, अशा रूक्ष वाटणाऱ्या सामग्रीत त्या रमल्या. ज्या वयात घोषणा सुचतात, त्या वयात त्यांनी न्यायाची कार्यपद्धती अभ्यासली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढचे वळण त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते. मध्य भारतातील वनवासी समाजाच्या संस्कृतीचा अभ्यास करण्यासाठी त्या रानावनांतून हिंडत होत्या. तेथे विषारी सुरण त्यांच्या खाण्यात आला आणि प्रकृती अशी ढासळली, की त्यातून सावरण्यात सुमारे सहा वर्षे गेली. ऐन उमेदीतील सहा वर्षे! समाजशास्त्राचा संशोधक म्हणून जी वाट त्यांनी आखली होती, ती तेथे तुटली. पीएच. डी.ची पदवी हाती आली नाही. विद्यापीठातील प्राध्यापकी, मग विभागप्रमुखपद, मग निवृत्तिवेतन, ही जी सरळ शिडी असते, तिच्या खालच्या पायऱ्याच निखळल्या.

आज अशा प्रसंगी आपण म्हणतो, की आयुष्याची घडी विस्कटली. दुर्गाबाईंची घडी विस्कटली खरी, पण ती पुन्हा बसली तेव्हा निराळीच बसली. १९५६ साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. चैत्रापासून एकेका महिन्याचे झाडे, पाने, पक्षी, ढग, ऊन यांच्यासह दर्शन घडविणारे हे पुस्तक मराठी ललितगद्याचे एक लेणे ठरले. मुंबईसारख्या शहरात राहूनही मराठी महिन्यांचा पंचांगाबाहेरचा अर्थ पाहता येतो, हे मराठी माणसाला या पुस्तकाने दाखविले. एका जागी दीर्घकाळ थांबावे लागलेल्या माणसाची दृष्टी त्यात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. धावणाऱ्याला झाड दिसते. त्याची पालवी कोणत्या दिवशी तांबूस होती आणि कोणत्या दिवशी हिरवी झाली, हे थांबलेल्यालाच दिसते. त्याच वर्षी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ हा त्यांचा अभ्यासग्रंथही आला. म्हणजे एका हाताने ललित, दुसऱ्या हाताने शास्त्रीय. पुढे ‘व्यासपर्व’, ‘रूपरंग’, ‘पैस’ अशी एकाहून एक सरस पुस्तके झाली आणि ‘पैस’ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाकशास्त्रावर ‘खमंग’ नावाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. स्वयंपाकघर हे त्यांना ग्रंथालयाहून हलके वाटत नसे, आणि ही गोष्ट आजच्या कित्येक विदुषींना व विद्वानांना सांगावी लागते, हे दुर्दैव.

मधल्या काळात पुण्याच्या गोखले संस्थेत समाजशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले होते. मानाची जागा, नावाजलेली संस्था. पण तेथे त्या फार काळ राहिल्या नाहीत. मुंबईला परतल्या आणि पुन्हा एशियाटिकचे टेबल धरले. येथे तुलना करण्याचा मोह होतो तो त्यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांच्याशी. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश देण्यास आढेवेढे घेतले; कमलाबाईंनी तेथेच ठाण मांडून प्रवेश मिळविला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळविली आणि कालांतराने मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद भूषविले. एक बहीण संस्थेत राहून झगडली, दुसरी संस्थेबाहेर राहून. तेव्हा नोकरी करणारा तो लाचार आणि न करणारा तो बाणेदार, अशी सोपी वाटणी करण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळा घरात उभारता येत नाही. पोथी मात्र कोठेही उघडता येते. कोणत्या कामाला कसले छप्पर लागते, हे ज्याचे त्याने ओळखावे लागते. भागवतांच्या घरात दोघींनीही ते अचूक ओळखले.

आता हिशेबाचा भाग. अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो याच्या ‘वॉल्डन’चा अनुवाद दुर्गाबाईंनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने केला आहे. तळ्याकाठी एकट्याने राहणाऱ्या या माणसाकडे निसर्गवेडा म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. परंतु ते पुस्तक उघडले की पहिले प्रकरण लागते ते जमाखर्चाचे! झोपडी बांधण्यास २८ डॉलर आणि साडेबारा सेंट लागले, हे थोरो फळ्या, विटा, खिळे अशा कलमांसह मांडून दाखवितो. एखाद्या काटकसरी कोकणी कारकुनाची वही वाटावी! त्या हिशेबामागे त्याचे तत्त्वज्ञान आहे. गरजा किती, हे आधी नक्की करावे. त्या भागविण्यास किती दिवस राबावे लागते, ते मोजावे. उरलेले दिवस आपले. याच थोरोने गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देण्याचे नाकारले आणि १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढली. झोपडीचा हिशेब आणि तुरुंगाची रात्र या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्याचा खर्च थोडा, त्याला धमकी देण्यासारखेही थोडेच असते.

दुर्गाबाई अविवाहित राहिल्या, साधेपणाने राहिल्या. लेखन, व्याख्याने, संशोधन यांवर चालणाऱ्या जीवनात ऐश्वर्य येणे शक्य नव्हते आणि ते त्यांनी मागितलेही नाही. प्रतिभा रानडे यांनी ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’ या पुस्तकात त्यांना जे बोलते केले आहे, ते वाचताना जाणवते, की या बाईंच्या बोलण्यात राजकारण, पोथ्या, आजारपण, रांधणे-वाढणे हे सारे एकाच पंक्तीला बसते. यातला एखादा विषय मोठा आणि बाकीचे किरकोळ, असे त्या मानीत नव्हत्या. त्यांच्या राजकीय मतांना जी धार होती, ती या अखंडपणातून आलेली होती.

आणीबाणीच्या काळात कलावंतांवर दबाव कसा आणला गेला, ते आठवले की या हिशेबाचे महत्त्व उमगते. किशोरकुमार यांनी सरकारी प्रचारमोहिमेला साथ देण्याचे नाकारले, तेव्हा १९७६ साली आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांची गाणी बंद करण्यात आली. त्या दिवसांत लोकांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग होताच कुठे? गायकाला हात लावला नाही, खटला भरला नाही. फक्त त्याचे गाणे ज्या नळातून घरोघरी जात होते, तो नळ बंद केला. शंकर पिल्लई यांचे २७ वर्षे चाललेले व्यंगचित्र साप्ताहिक ‘शंकर्स वीकली’ १९७५ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. कन्नडचे शिवराम कारंत यांनी पद्मभूषण परत केले. हिंदीचे फणीश्वरनाथ रेणू यांनी पद्मश्री परत केली. मराठीत मात्र पहिले काही महिने शांतताच अधिक होती. अनुदाने, समित्या, पाठ्यपुस्तकांतील धडे, आकाशवाणीचे कार्यक्रम, परदेशवारीची शिष्टमंडळे अशा बारीक बारीक धाग्यांनी लेखकराव बांधले गेले होते. कोणालाही बेडी घालावी लागली नाही.

१९७५ च्या डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एकावन्नावे अधिवेशन भरले. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतरच्या दुसऱ्या महिला अध्यक्ष. स्वागताध्यक्ष होते केंद्रातील ज्येष्ठ मंत्री यशवंतराव चव्हाण. कराड हे त्यांचे गाव, संमेलन त्यांच्या अंगणातले. येथे यशवंतरावांवर अन्याय होता कामा नये. साहित्याची जाण असलेला, ग्रंथसंग्रहाचा शौक असलेला, महाराष्ट्रात साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना करणारा तो नेता होता. लेखकांचा आदर त्यांनी मनापासून केला. पण म्हणूनच कराडचा प्रसंग अवघड होता. असभ्य सत्ताधाऱ्यापुढे ताठ उभे राहणे एक वेळ सोपे. सुसंस्कृत यजमानाच्या मांडवात, त्याचे आतिथ्य घेऊन, त्याच्या सरकारचे चुकले हे सांगणे फार कठीण. मराठी माणसाची भिडस्त वृत्ती अशा वेळी हमखास आड येते.

दुर्गाबाईंनी काय केले? जयप्रकाश नारायण यांची प्रकृती तेव्हा चिंताजनक होती. अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार चालू होते. त्यांना आराम पडावा म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असे आवाहन दुर्गाबाईंनी संमेलनाला केले. आणीबाणीत ज्यांचे नाव छापणेही वृत्तपत्रांना अवघड झाले होते, त्या माणसाचे नाव भर मांडवात घेतले गेले. त्या लेखनस्वातंत्र्यावर बोलल्याच. पण खरा आघात या प्रार्थनेचा होता. आजारी माणसासाठी प्रार्थना करू नका, असे कोणते सरकार म्हणू शकणार? यात नाट्य होते, पण नाटकीपणा नव्हता. ज्या बाईने भिक्षुसंघाचे नियम अभ्यासले होते, लोकाचारांची मुळे धुंडाळली होती, तिला समाज कोणत्या शब्दाला आपसूक उभा राहतो, हे ठाऊक होते. चाळीस वर्षांचा व्यासंग असा कामी आला.

त्या वेळची परिस्थिती कार्यकर्त्यांनी नजरेसमोर आणावी. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली होती. बाळासाहेब देवरस येरवड्यात होते. विरोधी पक्षांचे नेते गजाआड होते. १४ नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह चालू होता आणि तरुणांच्या तुकड्या घोषणा देत अटक करवून घेत होत्या. पण त्याची बातमी छापून येत नव्हती. संघटनेची शक्ती ज्या मार्गांनी व्यक्त होते, ते सगळे मार्ग अडविलेले होते. अशा वेळी जेथे संघटना पोहोचू शकत नव्हती, त्या व्यासपीठावर एक एकटी बाई पोहोचली. तिच्यावर बंदी घालता आली नाही, कारण बंदी घालण्यासारखी तिची काही संघटनाच नव्हती. तिचे कार्यालय मोहोरबंद करता आले नाही, कारण कार्यालय नव्हते. संघटित माणसांच्या समाजालाही थोडी असंघटित माणसे का लागतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. अटक झाली, आर्थर रोड कारागृहात काही काळ काढावा लागला. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या, पु. ल. देशपांडे यांच्यासारखा विनोदकारही प्रचाराच्या व्यासपीठावर उभा राहिला, आणि लोकांनी सत्ता उलथविली. आणीबाणीशी झुंजलेल्यांना त्यानंतर पदे मिळाली, समित्या मिळाल्या. त्यात गैर काही नव्हते. राज्य कोणी तरी चालवावेच लागते. दुर्गाबाई मात्र आपल्या कामाकडे वळल्या. सरकारी मानसन्मान घ्यायचे नाहीत, असे त्यांनी ठरविले आणि पद्मश्रीलाही नकार दिला. पुरस्कारांचे त्यांना जन्मजात वावडे होते, असे नाही. १९७१ साली अकादमीचा पुरस्कार त्यांनी घेतलाच होता. आणीबाणीने त्यांना सत्तेच्या शालीची ऊब आणि तिची वीण या दोन्ही गोष्टी जवळून दाखविल्या, असे म्हणावे लागेल.

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जो माणूस संकटात आपल्या बाजूने उभा राहिला, तो कायमचा आपला, असे समजण्याची खोड सर्वच विचारांच्या लोकांना असते. समाजवाद्यांना आहे, काँग्रेसवाल्यांना आहे आणि राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनाही आहे. मग तोच माणूस पुढे एखाद्या विषयावर विरुद्ध बोलला, की दुखावलेल्या स्वरात विचारले जाते, ‘यांना काय झाले?’ त्यांना काहीच झालेले नसते. दुर्गाबाईंच्या ‘व्यासपर्वा’त महाभारतातील व्यक्ती देव्हाऱ्यातून उतरून माणसांत येतात. श्रद्धाळू मनाला ते प्रत्येक ठिकाणी रुचेलच, असे नाही. बुद्धविचाराविषयीची त्यांची ओढ, परंपरेतील खटकणाऱ्या गोष्टींवर त्यांनी ठेवलेले बोट, वाङ्मयीन वादांतील त्यांचा तिखटपणा यांमुळे त्यांनी निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या लोकांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे सगळेच निर्णय बरोबर होते, असे मानण्याचेही कारण नाही. एकट्याने चालणाऱ्या माणसाला सावध करणारे कोणी सोबत नसते, हा त्या वाटेचा दोष आहेच. संघटनेत राहणाऱ्याला चार जणांचे ऐकावे लागते, आणि त्यातून पुष्कळदा त्याचे भलेच होते. पण ज्या स्वभावामुळे त्या कराडला बोलल्या, तोच स्वभाव नंतर इतरांना बोचला. बोचणे वगळून धैर्य तेवढे घेता येत नाही.

म्हणून घरातला मुलगा वा मुलगी स्वतंत्र कामाची गोष्ट काढील, तेव्हा ‘मिळणार किती?’ याच्या आधी ‘लागते किती?’ हे विचारावे. जो आकडा येईल तो कागदावर लिहून काढावा, अगदी थोरोसारखा. मोठा फ्लॅट, मोटार आणि दोन्हींचे हप्ते डोक्यावर घेऊन स्वतंत्र कलावंत होता येत नाही. होता येते ते फक्त हप्तेदार. दुसरी चौकशी अभ्यासाची करावी. दुर्गाबाईंचे स्वातंत्र्य पेलले गेले, कारण त्याखाली पालीचे, लोकसाहित्याचे, समाजशास्त्राचे भक्कम जोते होते. तेवढी बैठक नसेल, तर नोकरी सोडण्यापूर्वी ती जमवावी. आणि आजारपण येते, सहा सहा वर्षे खाते, हेही गृहीत धरावे. त्या काळात सांभाळते ते घरच.

कार्यकर्त्यांच्याही हाती काही आहे. गावोगावच्या वासंतिक व्याख्यानमाला, वाचनालये, उत्सवमंडळे यांचे संयोजन बव्हंशी तेच करतात. चित्रकाराकडून पडदा फुकट रंगवून घ्यायचा, कवीला तीन तास थांबवून शेवटी दहा मिनिटे द्यायची, वक्त्याला शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह देऊन एस. टी.त बसवून द्यायचे आणि वर ‘आपलेच आहेत’ म्हणून मिरवायचे, ही रीत जुनी आहे. एका नामवंत वक्त्याच्या घरी अशा शालींचा ढीग साचला, तेव्हा त्याच्या पत्नीने त्यांची दुलई शिवली, अशी गोष्ट गमतीने सांगितली जाते. खरी असो वा खोटी, ती सुचली यातच सारे आले. मानधन आधी ठरवावे, ठरलेले त्याच दिवशी पाकिटात घालून द्यावे, आणि काय बोलणार हे मात्र आधी विचारू नये. वर्षाकाठी एक तरी व्याख्यान अशा माणसाचे ठेवावे, की जो ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना पटणार नाही. मंडळाच्या बैठकीत या नावाला विरोध होईल, वर्गणीदार नाराज होतील अशी भीती घातली जाईल. ते नाव तेवढ्यावरून खोडू नये.

‘पैस’ या पुस्तकाचे नाव नेवाशाच्या त्या खांबावरून आले, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितल्याची श्रद्धा आहे. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. एम. ए. साठी शिकलेली पाली दुर्गाबाईंनी अखेरपर्यंत सोडली नाही. जातककथांचा मराठी अनुवाद त्यांनी केला, तो सात खंडांचा भरला. त्यासाठी ना कोणते खाते होते, ना हाताखाली माणसे. ७ मे २००२ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. ते सात खंड आज अनेक वाचनालयांच्या वरच्या फळीवर असतील. शिडी लावून खाली काढावे लागतील.